ताण, प्रकृती आणि विकृती

‘संकटात माणूस कळतो’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या खात्रीने उच्चारले जाते की, त्याविषयी कुणी शंका काढली तर लोक त्या शंकेखोराकडेच संशयाने पाहू लागतात. या वाक्यामागे सोनाराचे दुकान उभे आहे. सोने मुशीत घालून तापवायचे, हीण जळून जायचे आणि मागे राहील ते बावनकशी. माणसाचेही तसेच, असे आपण धरून चालतो. एरवीचे हसणे-बोलणे, आदर-सत्कार, गोडवा हे सारे वरवरचे; दुःखाची आच लागली की ते जळून जाते आणि आतला खरा माणूस उघडा पडतो. मग तो कधी सोन्याचा निघतो, कधी पितळेचा. पितळ उघडे पडले, असे आपण म्हणतोच.

मी कादंबऱ्या लिहिते. माझे पोट शाळेतल्या नोकरीवर चालते, कादंबऱ्यांवर चालते ती हौस. पण ती हौस मात्र बरीचशी याच समजुतीवर उभी आहे. पहिली शंभर पाने एखाद्या कुटुंबाला सुखात नांदू द्यायचे, मग घरात आजार आणायचा, धंद्यात खोट आणायची, एखादे मरण आणायचे. आणि त्या धक्क्यात ज्याच्या तोंडून जे निघेल ते त्याचे ‘खरे’ रूप म्हणून वाचकांच्या हाती ठेवायचे. वाचकही ते निमूटपणे घेतात. पहिली शंभर पाने मग खोटी होती काय, असे आजवर एकाही वाचकाने मला विचारलेले नाही. मलाच ते अलीकडे विचारावेसे वाटू लागले आहे.

त्याला कारण आमच्या नात्यातल्या एक काकू. त्यांच्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या त्या नऊ वर्षे. या नऊ वर्षांत त्यांना कुशीवर वळवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री दोनदा उठून पाहणे हे सारे काकूंनी केले. दीर, जावा, नणंदा सगळी परगावी. ती येत, आजींच्या पायांपाशी बसून डोळे पुसत आणि परत जात. एका भाऊबिजेला घर भरलेले होते. आजींनी पुढ्यातला मऊ भात तिसऱ्यांदा ढकलून दिला आणि काकूंच्या तोंडून निघून गेले, “मरा तरी आता एकदाच्या!” घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. त्यानंतर आजी दीड वर्ष जगल्या आणि गेल्या त्याही काकूंच्याच मांडीवर. परंतु आज इतक्या वर्षांनीही दिवाळीला मंडळी जमली की, कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतेच, “पोटातलं ओठावर आलं शेवटी त्या दिवशी.”

नऊ वर्षे एका पारड्यात आणि चार शब्द दुसऱ्या पारड्यात. आणि खरे कोणते, तर चार शब्द! का, तर ते ताणाखाली निघाले म्हणून. हा हिशेब मला कधीच पटला नाही. पण पटत नाही एवढ्याने तो चुकीचा ठरत नाही, हेही मला कळत होते. नात्यातल्या माणसाविषयी वाटणारा ओलावा म्हणजे काही युक्तिवाद नव्हे.

युक्तिवाद मला मिळाला तो अगदी अनपेक्षित जागी. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सहकारी आहेत. किराणा दुकानात असतो तसला एक मोडका इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी मुलांना दाखवण्यासाठी उघडला होता. आत तराजू नाही, पारडी नाही, स्प्रिंगही नाही. होता तो ॲल्युमिनियमचा एक साधा ठोकळा, मध्ये आरपार भोके पाडलेला, आणि त्याच्या वर-खाली चिकटवलेल्या चार इवल्याशा पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर धातूची नखाएवढी नागमोडी नक्षी. आपण काट्यावर रवा ठेवला की, तो ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. दोन पट्ट्या किंचित ताणल्या जातात, दोन किंचित दबतात. आणि ताणल्या-दबल्यामुळे त्यांचा विद्युत्‌रोध, म्हणजे वीज वाहू देण्यास त्यांचा असलेला विरोध, बदलतो. तो बदल मोजला की रव्याचे वजन कळले. एवढेच! वर्षानुवर्षे आपण फराळाचे सामान ज्याच्या भरवशावर आणतो, तो काटा वजन मोजतच नाही. वजनाने एका वस्तूत काय पालट झाला, ते मोजतो.

मी भाषा शिकवणारी; पण हे ऐकल्यावर मला राहवेना. मिळेल ते वाचू लागले, आणि जे वाचले ते कुठल्याही कादंबरीपेक्षा कमी रंगतदार नव्हते.

१८५६ साली विल्यम टॉमसन या ग्लासगोच्या प्राध्यापकाने, म्हणजे ज्याला जग पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखू लागले त्याने, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक व्याख्यान दिले. त्याने तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारांना वजने टांगून त्या ताणल्या होत्या आणि ताणलेल्या स्थितीत त्यांचा रोध मोजला होता. तार ताणली की लांब आणि बारीक होते. लांब, अरुंद बोळातून गर्दीला जायला वेळ लागावा तसा तिचा रोध वाढणार, हे कुणीही सांगेल. पण दोन्ही तारा सारख्याच लांबल्या असताना लोखंडाचा रोध तांब्यापेक्षा अधिक वाढला! म्हणजे आकार बदलला एवढ्यावर भागत नव्हते. धातूच्या आतही काहीतरी बदलत होते. टॉमसनने ते बरोबर ओळखले.

त्याने मोजमापासाठी जी मांडणी वापरली तिला व्हीटस्टनचा सेतू म्हणतात. ती मुळात सॅम्युएल ख्रिस्टी याची, १८३३ मधली. व्हीटस्टनने दहा वर्षांनी ती लोकांपुढे आणली तेव्हा श्रेय मोकळेपणाने ख्रिस्टीला दिले. तरी नाव चिकटले ते व्हीटस्टनचेच. प्रामाणिकपणालाही कधीकधी यश येत नाही, ते असे.

पुढे १९३८ साली अमेरिकेच्या दोन टोकांना, कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थर रूज, या दोघांना एकमेकांची वार्ता नसताना एकच कल्पना सुचली. रूज हा उंचावरच्या पाण्याच्या टाक्यांवर भूकंपाचा परिणाम काय होतो ते पाहत होता. टाकीच्या लहान प्रतिकृतीचा पत्रा इतका पातळ की, त्यावर कोणतेही उपकरण बसवले तर त्या उपकरणाच्या भारानेच पत्रा वाकावा. त्याने केसासारखी बारीक तार पातळ कागदावर चिकटवली आणि तो कागद पत्र्याला चिकटवून टाकला. पत्रा ताणला की तारही ताणली जाणार. आपल्या काट्यातली पट्टी ही तिचीच नात. या युक्तीतून फारशी व्यापारी प्राप्ती होईलसे रूजच्या संस्थेच्या समितीला वाटले नाही, आणि तिने हक्क त्याचा त्यालाच सोडून दिला. समित्यांचे असे होते.

मला मात्र त्या चिकटवण्यात मोठा अर्थ दिसतो. दुरून बघून ताण कळत नाही. जो वस्तूला अंगभर चिकटला आहे आणि तिच्याबरोबर स्वतःही ताणला जातो आहे, तोच तिच्या ताणाविषयी काही सांगू शकतो; आणि डिंक कच्चा असेल तर तोही खोटे सांगतो. भाऊबिजेच्या पंगतीला बसलेल्यांपैकी काकूंना असे चिकटलेले कोण होते?

इथे जरा भाषेकडे वळते. ते माझे नेहमीचे काम. बाहेरून लावलेल्या जोराने वस्तूच्या आकारात जो पालट होतो, त्याला मराठी विज्ञानाने शब्द घेतला आहे ‘विकृती’. मी तो प्रथम वाचला तेव्हा दचकले. व्यवहारात आपण विकृती म्हणतो ते किळसवाण्या, रोगट गोष्टीला. पण मूळ शब्दात किळस कुठेच नाही. वि-कृती, वेगळे झालेपण, एवढेच. सांख्यांनी तर प्रकृतीपासून निघालेल्या सगळ्या जगाचीच मांडणी प्रकृती आणि विकृती या दोन शब्दांत केली आणि बुद्धी, अहंकार इत्यादी सात तत्त्वांना एकाच वेळी प्रकृतीही म्हटले आणि विकृतीही. दह्याला कुणी दुधाचा रोग म्हणत नाही. हा शब्द बिघडला तो आपल्या तोंडी येऊन. शास्त्राने त्याला पुन्हा धुऊन स्वच्छ केले आहे. ताण पडला की विकृती होणारच. ती शून्य असलेला पदार्थ जगात नाही. पोलादाचा रूळही माशी बसली तर वाकतो, आपल्याला मोजता येत नाही इतकेच.

आता या गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग. १९५४ साली चार्ल्स स्मिथ याने ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याने जर्मेनियम आणि सिलिकॉन या दोन स्फटिकांवर प्रयोग केले होते. ट्रान्झिस्टरचा शोध लागून तेव्हा सात वर्षेच झाली होती आणि या दोन पदार्थांकडे साऱ्यांचे लक्ष लागलेले होते. स्मिथची कृती तशी टॉमसनचीच: स्फटिकाच्या कांडीला वजन टांगायचे, तिच्यातून ठराविक प्रवाह सोडायचा आणि रोध किती बदलला ते पाहायचे. पण त्याने घेतलेली काळजी पाहण्यासारखी आहे. ही कांडी त्याने प्रकाशाचा किरणही आत येणार नाही अशा बंद पेटीत ठेवली, आणि पेटीतले तापमान पंचवीस अंशांवर, एखाद्या अंशापलीकडे हलू न देता, राखले. कारण या स्फटिकांचा रोध ताणाने बदलतो तसा उष्णतेनेही बदलतो आणि नुसता उजेड पडला तरी बदलतो. ताणाचे काम ताणाच्याच पदरात पडावे, उन्हाचे किंवा दिव्याचे त्यात मिसळू नये, म्हणून हा अंधार आणि ही बंदिस्त ऊब. आम्ही माणसांवर शेरे मारतो ते मात्र भर उजेडात, भरल्या घरात!

आणि त्याला दिसले काय? साध्या धातूच्या पट्टीचे आधी सांगते. एक मीटर लांबीची वस्तू एक मिलिमीटरने लांबली इतका ताण पडला, तर तिला चिकटवलेल्या १२० ओहमच्या पट्टीचा रोध वाढतो सुमारे पाव ओहमने. सिलिकॉनची पट्टी योग्य दिशेने कापलेली असेल तर तेवढ्याच ताणाला तिचा रोध याच्या पन्नास-साठ पटींनी अधिक बदलतो. धातू जिथे कुजबुजतो तिथे हा स्फटिक ओरडतो.

पण मला थक्क केले ते या आकड्याने नव्हे. सिलिकॉनमध्ये कित्येक कोटी अणूंमागे एखादा अणू बोरॉनचा मिसळलेला असेल, तर ताणल्यावर त्याचा रोध वाढतो. तसाच एखादा अणू फॉस्फरसचा असेल, तर त्याच ताणाने रोध कमी होतो! तोच स्फटिक, तोच ताण. कोटींत एखाद्या परक्या अणूचा फरक, आणि एक म्हणतो ‘पुढे जाऊ देणार नाही’, तर दुसरा म्हणतो ‘या, वाट मोकळी आहे’. आणखी पुढे: फॉस्फरसवाल्या स्फटिकाला त्याच्या घनाच्या कडेच्या दिशेने ओढले तर तो जोराने प्रतिसाद देतो, पण घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने ओढले, तर त्याला जवळजवळ काहीच वाटत नाही. त्याच माणसाला पैशाची ओढाताण हलवू शकत नाही आणि अपमानाचा एक शब्द मोडून टाकतो, असे आपण पाहतोच की. एका दिशेच्या ताणात स्थिर राहिलेल्याला आपण धीराचा मेरू म्हणतो. दुसऱ्या दिशेने त्याला कधी कुणी ओढलेलेच नसते.

हे असे का होते, त्याचे उत्तरही पुढच्या काळात नीट मांडले गेले. सिलिकॉनच्या या स्फटिकात वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या सहा दऱ्यांत वाटले गेलेले असतात. दऱ्या या अर्थात सह्याद्रीतल्या नव्हेत, गणितातल्या. मला त्या जुन्या वाड्यातल्या सहा खोल्यांसारख्या वाटतात. ताण नसतो तेव्हा सहाही खोल्यांची जमीन एका पातळीत असते आणि माणसे सगळीकडे सारखी पसरलेली असतात. वाड्याला एका बाजूने ओढले की, दोन खोल्यांची जमीन उचलली जाते, चारांची खाली जाते. माणसे उतारावरून त्या चार खोल्यांत येतात. आणि योग असा की, ज्या दिशेने ओढले त्या दिशेला या चार खोल्यांतून चालणे अधिक सोपे असते. म्हणून रोध घटतो. बाहेरून एकही माणूस आत आलेला नाही, आतला एकही बाहेर गेलेला नाही. होती तीच माणसे, बसण्याच्या जागा तेवढ्या बदलल्या.

सोनाराची उपमा मला इथे सुटली. मुशीतल्या आगीत हीण जळते आणि आधीपासून आत असलेले सोने उरते. स्फटिकावरच्या ताणाने काहीच जळत नाही आणि काहीच उघडे पडत नाही. ताणाखालचा रोध हा आधीच्या रोधाच्या आत लपून बसलेला नव्हता. तो ताणाबरोबर जन्मला. आधीचा रोध मुखवटा आणि नंतरचा चेहरा, असे म्हणायला प्रयोगात काडीचाही आधार नाही. दोन्ही तितकेच खरे; आपापल्या भाराखाली.

हार्वर्डचे पर्सी ब्रिजमन यांनी या विषयात फार पूर्वी हात घातला होता. प्रचंड दाबाखाली पदार्थ कसे वागतात याचा अभ्यास त्यांनी जन्मभर केला, १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि सलग स्फटिकांचा रोध ताणाखाली कसा बदलतो यावर त्यांनी १९३२ मध्येच लिहिले. हेच ब्रिजमन तत्त्वचिंतकही होते. ‘द लॉजिक ऑफ मॉडर्न फिजिक्स’ या १९२७ मधल्या पुस्तकात त्यांनी एक कठोर म्हणणे मांडले: कोणत्याही कल्पनेचा अर्थ म्हणजे ती ज्या कृतींनी मोजतो त्या कृती. लांबी कशी मोजाल ते सांगा, म्हणजे लांबी म्हणजे काय ते सांगून झाले. याच मापाने पाहिले तर ‘या स्फटिकाचा खरा रोध किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. किती ताणाखाली? कोणत्या दिशेने? किती तापमानात? उजेडात की अंधारात? हे सांगितल्यावाचून त्या प्रश्नाला उत्तर नाही. आणि ‘ही बाई खरी कशी आहे?’ हा प्रश्न आपण पानावर बसल्या-बसल्या विचारतो आणि वरण वाढेपर्यंत त्याचे उत्तरही देऊन टाकतो.

वाचकांपैकी कुणी इथे मला अडवील आणि अडवावेच. म्हणेल, “बाई, मग कुणालाच दोष द्यायचा नाही काय? लाच खाणारा म्हणेल माझ्यावर घराचा ताण होता, मारकुटा नवरा म्हणेल माझ्यावर कचेरीचा. सगळी परिस्थितीची करणी, माणूस कोराच्या कोरा!” हा आक्षेप मला स्वतःला बरेच दिवस छळत होता. त्याचेही उत्तर स्फटिकाकडे थोडेफार आहे. ताणाखाली रोध किती पालटतो त्याचे एक प्रमाण असते. शास्त्रज्ञ त्याला गुणांक म्हणतात. हा गुणांक भाराचा नसतो, त्या पदार्थाचा असतो. तो त्याचा स्वतःचा आहे आणि कुणी त्याच्यावरून तो उचलून नेऊ शकत नाही. चिमूटभर भाराला पर्वताएवढा पालटणारा आणि पर्वताखाली केसाएवढा पालटणारा हे दोघे सारखे नव्हेत, आणि त्यांना सारखे म्हणणे ही दया नव्हे, आळस आहे. माझी मागणी फक्त एवढीच की, भागाकार पुरा करा. अंशस्थानी काय आहे ते सगळ्यांना पाठ असते: चार शब्द. छेदस्थानी नऊ वर्षे लिहायला कुणाचाच हात वळत नाही. मारकुट्या नवऱ्याच्या बाबतीत हाच भागाकार पुरा केला, तर तो त्याच्या फार बाजूने जाईल असे मला वाटत नाही.

भागाकार पुरा करण्यातली एक अडचण मात्र मोठी चमत्कारिक आहे, आणि ती कशी सोडवतात हे समजले त्या दिवशी मला आमच्या नातेवाइकांचे सगळे बोलणे नव्याने ऐकू आले. पूल तपासायचा असेल, तर त्याच्या तुळईवर पट्टी चिकटवतात. पण दुपारच्या उन्हानेही पट्टीचा रोध बदलतो. मग कळावे कसे की, हा बदल पुलावरून गेलेल्या गाडीचा की उन्हाचा? म्हणून तसलीच दुसरी पट्टी त्याच धातूच्या एका सुट्या तुकड्यावर चिकटवून तिथेच शेजारी ठेवतात. ऊन दोघींना सारखे, भार मात्र एकीवरच. दोघींना सेतूच्या लगतच्या दोन बाजूंना जोडले की, उन्हाचा परिणाम उन्हाने कापला जातो आणि उरतो तो निव्वळ भाराचा.

काकूंविषयी बोलताना त्यांची नणंद नेहमी म्हणते, “आईची ती दशा बघून आम्हाला का कमी यातना होत होत्या? आम्ही कधी असा शब्द काढला?” तिच्या यातना खऱ्या होत्या, मी त्या पाहिल्या आहेत. पण ते ऊन होते. त्या उन्हात सारे घरच उभे होते. भार एकीवर होता. निर्भार तुकड्याने शेजारी बसून ‘मी नाही हो वाकले’ म्हणावे, तसे हे झाले. त्या तुकड्याची साक्ष खोटी नाही, उलट फार मोलाची आहे; तिच्यावाचून हिशेबच होत नाही. फक्त ती वजा करण्यासाठी असते, आपण मात्र ती आरोप म्हणून वाचतो.

आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली आहे. तांबे, ॲल्युमिनियम हे धातू भार हाताबाहेर गेला की आधी वाकतात, वाकलेले राहतात. पाहणाऱ्याला इशारा मिळतो. सिलिकॉनचे तसे नाही. साध्या तापमानात तो शेवटपर्यंत लवचीक असतो, भार काढला की जसाच्या तसा पूर्वपदावर येतो, त्याच्या आकारात थकव्याची खूणही दिसत नाही. आणि एका क्षणी काचेसारखा तडकतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब क्षणाक्षणाला मोजायचा असतो तेव्हा याच गुणामुळे त्याच्यावर विसंबतात. रोज पूर्ववत होणारी माणसे घरालाही अशीच सोयीची असतात. काकू दर सकाळी साडेपाचला उठून चहा टाकत. त्या वाकलेल्या कुणी पाहिल्याच नव्हत्या.

हे सगळे मी एकदा काकूंनाच सांगितले. त्यांच्या परीने त्यांना दिलासा द्यावा हा हेतू. त्या वाल सोलत होत्या. सगळे शांतपणे ऐकून घेतले, मधे एकदा “अंधारात ठेवतात का? बरं बरं,” असेही म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, “तुझा तो खडा काही बोलत नाही ना गं? मी बोलले होते. आणि त्यांना ते ऐकू गेलं होतं. त्यांची वाचा गेली होती, कान शाबूत होते.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “नऊ वर्षं केलं ते मीच केलं म्हणते ना? मग हेही मीच बोलले. एक माझं आणि एक ताणाचं, असं कसं म्हणू?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. मात्र इतके मला दिसू लागले आहे की, हा भागाकार बाहेरच्यांनी करायचा असतो आणि आतल्याला तो करण्याची सक्ती नाही. मी काकूंच्या वतीने छेद लिहिलाच पाहिजे. त्या स्वतः तो पुसून टाकतात, हा त्यांचा अधिकार. नणंदेने नेमके उलट केले आहे: दुसरीचा छेद पुसला आणि स्वतःचा तेवढा जपून ठेवला. स्फटिकाला यातले काहीच करता येत नाही. तो स्वतःचे माप घेत नाही, घेतलेल्या मापाने त्याला झोप लागत नाही असे होत नाही. तिथे माझी उपमा संपते. आणि ती तिथे संपते हेच बरे आहे.

ताण मोजायच्या पट्ट्या ज्या पाकिटातून येतात, त्या पाकिटावर पट्टीचा रोध किती, तो कोणत्या तापमानाला, त्यात किती इकडे-तिकडे धरायचे, गुणांक किती, हे सगळे छापलेले असते. आमच्या सहकाऱ्यांनी एक रिकामे पाकीट मला दिले. ते मी शाळेतल्या टेबलाच्या खणात ठेवले आहे. त्याच खणात शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे पुस्तक असते. दाखल्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना आहे, बोटभर रुंदीचा. यंदा दहावीच्या वर्गात एक मुलगा होता; बापाचे आजारपण, सकाळी दूध टाकणे, दुपारी शाळा. फेब्रुवारीत त्याने वर्गातल्या एका मुलाचे डोके फोडले. जूनमध्ये तो दाखला मागायला आला आणि टेबलापाशी उभा राहून माझ्या पेनाकडे बघत होता. त्या रकान्यात मी ‘चांगली’ असे लिहिले. ज्याचे डोके फुटले होते त्या मुलाचा दाखला त्याच्या पुढच्याच पानावर होता. त्यातही ‘चांगली’च लिहिले. त्या बोटभर जागेत आणखी काय मावते, ते मी अजून शोधते आहे.